दोन टोप दमट हवा

हसायचं नाही, या अटीवर सांगते. शेवटी हसा हवं तर, पण सुरुवातीपासून नको. कारण या प्रकरणात माझी नोकरी जाता जाता राहिली, आणि ती घालवायला निघालेली व्यक्ती मीच होते!

तर, मी कुवेतमध्ये कोल्ड रूमची पॅनेल्स बनवणाऱ्या कंपनीत आहे. पॅनेल म्हणजे काय, तर दोन बाजूंना पत्रा आणि मधे फोम. सँडविचच म्हणा, फक्त खाता येत नाही. अशी पॅनेल्स एकमेकांना जोडून खोली उभी करायची, ती थंड करायची आणि आत मासळी, मटण, आइस्क्रीम काय ते ठेवायचं. आमचा कारखाना अम्गऱ्यात आहे, एका बाजूला भंगारवाला आणि दुसऱ्या बाजूला विटा-सिमेंटवाला. तिथली एकुलती एक इंजिनियर मी. चौदा वर्षं झाली.

सप्टेंबरमध्ये एक मेल आली. हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरचे मासळीचे व्यापारी, हसनसाहेब. त्यांना मोठी कोल्ड रूम हवी होती. मेलमध्ये एकच प्रश्न: ‘आमच्याकडे बारा महिने हवा ओली असते. तुमची पॅनेल्स अशा दमट, उष्ण बेटावर कधी वापरून पाहिली आहेत का?’

आता याचं खरं उत्तर काय होतं? ‘नाही.’ दोन अक्षरं! तेवढी लिहिली असती तर तुम्हाला सांगायला माझ्याकडे आज काही नसतं.

पण मी लिहिलं, ‘आमची पॅनेल्स दमट बेटांच्या हवामानात खास तपासलेली आहेत.’ आणि पाठवून दिलं. कोण बघायला येतंय!

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘उत्तम. मी पुढच्या आठवड्यात कुवेतलाच येतो आहे. गुरुवारी दुपारी चारला ती चाचणी मला दाखवा.’

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. सुहास एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, स्वभावाने शांत. तो म्हणाला, “लिहून टाक ना, चुकून लिहिलं गेलं म्हणून.”

“मी? चुकून?”

तो गप्प बसला. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर माणूस कुठे गप्प बसायचं ते शिकतो.

शनिवारी सकाळी इडल्या केल्या. इडलीपात्राचं झाकण उघडलं आणि चष्मा एकदम पांढरा झाला. समोरचं काही दिसेना, पण डोक्यात लख्ख प्रकाश पडला! बेट नाही? मग बेट करायचं! शेडमध्ये छोटी कोल्ड रूम उभी करायची, तिच्याभोवती प्लास्टिकचा तंबू, आणि तंबूत वाफ सोडायची. झालं दमट हवामान! फक्त वाफ भरपूर हवी. इडलीपात्राने भागणार नव्हतं. बिर्याणीचे टोप हवेत, चांगले दोन.

टोप कोणाकडे असणार? खैतानच्या रझियाभाभींकडे. भाभी मूळच्या श्रीवर्धनच्या. कुवेतमधल्या मराठी माणसाचं बारसं असो नाहीतर साठी, जेवण भाभींचं. मी फोन लावला.

“भाभी, गुरुवारी दोन मोठे टोप हवेत, शेगड्यांसकट. अम्गऱ्याला.”

“किती मानसांचं जेवन?”

“जेवण नको. नुसते टोप.”

“रिकामे टोप काय करायचेत गो?”

आता खरं सांगावं, तर कुवेतमध्ये एक वेळ वायफाय बंद पडेल, भाभी बंद पडत नाहीत. आमच्या मालकांपर्यंत बातमी गेली असती. मी म्हटलं, “काही नाही, कंपनीत छोटासा कार्यक्रम आहे.”

“कसला?”

“निरोपाचा.” तोंडाला आलं ते बोलले. “एकजण कायमचं गावी चाललंय.”

“कोन?”

“आहे... एक इंजिनियर.”

 मग भाभींचा आवाज बदलला. “बरं बाय. मी आनून देते. तू काय काळजी करू नको.”

मला वाटलं, किती समजूतदार बाई! पुढे प्रश्न नाही, काही नाही. आमच्या कंपनीत इंजिनियर एकच आहे हे भाभींनाही माहीत आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी सुहासच्या हॉस्पिटलातल्या लतासिस्टरचा फोन. “ताई, तुमचं वॉशिंग मशीन चांगलं चालतं ना?”

“मस्त चालतं. का गं?”

“मग माझ्यासाठी ठेवा हं. दुसऱ्या कोणाला शब्द देऊ नका.”

मला वाटलं, तिचं बिघडलं असेल, कपडे धुवायला येणार असेल. म्हटलं, “अगं, हक्काने ये!”

मंगळवारी आमच्या एगैलाच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, फ्लॅटला ऊन कुठून येतं, स्वयंपाकघर केवढं आहे. मी मोठ्या कौतुकाने घर दाखवून आणलं. चहासुद्धा पाजला. त्यांनी पडद्यांची मापं घेतली, तेव्हासुद्धा मला काही वाटलं नाही! म्हटलं, आवडले असतील पडदे.

संध्याकाळी लेक म्हणाली, “मम्मा, आर वी मूव्हिंग?”

“हो, जेवणाच्या टेबलाकडे. चल.”

आणि बुधवारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे मालक अबू नासिर. कुवेती आहेत, पण आयुष्यभर आमच्या लोकांत वावरून झकास हिंदी बोलतात. मी तुम्हाला मराठीतच सांगते.

“वैशाली, मला कळलंय.”

 मेल! यांनी मेल वाचली!

“कोणी सांगितलं, सर?”

“कोणी का सांगेना. तू स्वतः सांगायला हवं होतंस. चौदा वर्षं आमच्याकडे आहेस.”

“धीरच होत नव्हता, सर. चूक झाली.”

“चूक कसली त्यात? प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येतेच.”

मी थक्क! केवढं मोठं मन! धंद्यात थाप मारावी लागते हे किती सहज मान्य केलं या माणसाने.

“मग कधी?” त्यांनी विचारलं.

“गुरुवारी सगळं उरकेल, सर.”

“उद्या? इतक्या लवकर?” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “नवऱ्याची संमती आहे?”

“त्याला पसंत नाही. पण मी ठरवलंय.”

“खंबीर आहेस. ठीक आहे. कागदपत्रांचं मी बघतो, मंदूबला आजच सांगतो.”

मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा कंपनीचा माणूस. मला वाटलं, चाचणीच्या प्रमाणपत्रावर शिक्का आणून देतायत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, “सर, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही.” त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. एक मी घेतला, एक त्यांनी.

गुरुवार उजाडला. मी गाडीतून उतरले तर चष्म्यावर धुकं. पुसला, तर परत धुकं. एरवी इथे दोरीवरची जीन्स तासाभरात पापडासारखी कडक होते, पण त्या दिवशी वारा समुद्राकडून सुटला होता. असे काही दिवस येतात इथे. हवा पिळली तर पाणी निघेल असे. मी चष्मा पुसत पुसत शेडमध्ये गेले, आणि दमट हवा तयार करायच्या कामाला लागले. हो, खरंच! बाहेर ती फुकट वाहत होती.

आमचे फोरमन दाऊदचाचा, हर्णैचे. पॅनेल जोडण्यात हयात गेलेली. भाभींनी पाठवलेले टोप मी आत आणायला सांगितले तसे ते आडवे आले.

“मॅडम, फोमच्या बाजूला शेगडी? होळी पेटवायचीय काय?”

मग टोप शेडच्या दाराबाहेर मांडले आणि झाकणांतून जाड पाइप काढून वाफ आत तंबूत सोडली. पाणी उकळायला लागल्यावर मी मिठाची पिशवी फोडून दोन्ही टोपांत ओतली.

“हे काय आता?”

“समुद्राची खारी हवा, चाचा. लोखंड गंजतं का तेही दिसायला हवं ना!”

चाचांनी टोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मीठ वाफेबरोबर उडून जात असतं, तर मिठागरात तळाला काय उरलं असतं, मॅडम?”

मी म्हटलं, “तुम्ही पाइपकडे बघा.”

बरोबर चारला हसनसाहेब आले. बारीक चणीचे, पांढरा सदरा, बोलणं इतकं हळू की ऐकायला वाकावं लागे. मी त्यांना तंबूत नेलं. आत कोल्ड रूम उणे अठरावर चाललेली, बाहेर वाफेचे लोट! मी तोंडाचा पट्टा सोडला: दमटपणा, घनता, सांधे, सगळं. त्यांनी पॅनेलवर तळवा फिरवला. सांध्यांवर बोट फिरवलं. वाफेचं दव होतं, पण सांध्यातून आत काही शिरलेलं नव्हतं. चाचांनी जोडलेले सांधे होते, शिरेल कसं? माझं मन मोरासारखं नाचायला लागलं.

“ही वाफ कशासाठी?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या बेटाचं हवामान!”

ते दारापर्यंत गेले, बाहेरची हवा छातीत घेतली आणि परत आले. “माझ्या बेटाचं हवामान आज तुमच्या दाराबाहेर आहे,” ते म्हणाले. “इथे आत इस्त्रीच्या दुकानासारखं वाटतंय. थोडं पाणी मिळेल का?”

शेडच्या मागे कामगारांचं पाणी आणि जेवणाचे डबे ठेवायला एक जुनी कोल्ड रूम आहे. दाऊदचाचा त्यांना पाणी द्यायला तिकडे घेऊन गेले. मी घाम पुसत बाहेर आले, तर फाटकातून गाड्या आत येत होत्या. एक, दोन, पाच, आठ! मला वाटलं, भंगारवाल्याकडे लिलाव असेल.

पहिल्या गाडीतून रझियाभाभी उतरल्या, मागोमाग बिर्याणीचे तीन डबे. दुसरीतून लतासिस्टर आणि हॉस्पिटलातली सगळी मंडळी, नटूनथटून. एकाने घाईघाईने टोपाचं झाकण सरकवलं, डाव बुडवला, फुंकर घालून चाखलं.

“भाभी, मीठ बरोबर आहे,” तो म्हणाला, “पण बाकी काय घातलंय?”

तोवर दोन नर्सनी फाटकाला कापडी फलक बांधला. ‘वैशालीताई, तुमची आठवण येत राहील.’

मी लतासिस्टरला विचारलं, “कोण गं ही वैशाली?”

सिस्टर माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तिच्या खांद्यावरून मला सुहास दिसला. ड्यूटीवरून त्याला तसाच उचलून आणलेला, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. तो जवळ आला आणि कानात म्हणाला, “अगं, आपण कायमचे चाललोय म्हणे. कुठे?”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. टोप, निरोप, इंजिनियर, वॉशिंग मशीन, पडद्यांची मापं! सगळं एका क्षणात. आणि शेवटी मंदूब! अरे देवा, मंदूब कसले कागद करतोय?

तुम्ही म्हणाल, तिथेच सांगून टाकायचं ना! सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मग टोप कशाला आणले, हा प्रश्न आला असता. वाफ कशाला, ते आलं असतं. आणि ते ऐकायला फाटकातून अबू नासिर स्वतः आत येत होते, हातात भलंमोठं खोकं घेऊन.

आणि खरं सांगू? भाषणं सुरू झाली होती.

स्वतःबद्दलची भाषणं तुम्ही कधी ऐकलीयत? नका ऐकू. व्यसन लागतं. भाभी म्हणाल्या, माझ्यासारखी पोरगी लाखात एक. सिस्टर म्हणाली, तिच्या आजारपणात मी महिनाभर डबा दिला. मला तर आठ दिवस आठवत होते, पण तिच्या दुःखात मी कशाला ढवळाढवळ करू? अबू नासिर म्हणाले, ही गेली की कारखान्याची भिंत पडल्यासारखं होईल. सुहास माझ्या हाताला चिमटे काढत होता. मी त्याला हळूच म्हटलं, “थांब रे, अजून दोघं बोलायचे राहिलेत.”

मग कोणीतरी म्हणालं, ताईंनी दोन शब्द बोलावेत. आणि मी बोलले! कुवेतने मला काय दिलं, कोणाकोणाची माया विसरता येणार नाही, सगळं.  त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की मी चाललेय.

“...आणि जाताना एकच समाधान आहे,” मी म्हणत होते, “की मी केलेल्या कामात कोणाला कधी खोट काढता आली नाही—”

शेडच्या मागून हसनसाहेब आले. पाठोपाठ दाऊदचाचा, खाली मान घालून. हसनसाहेबांच्या हातात फोमचा एक वीतभर तुकडा होता, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. पाकातून काढलेला गुलाबजामच!

“ही मागची कोल्ड रूम,” ते त्याच हळू आवाजात म्हणाले. आता सगळेच वाकून ऐकायला लागले. “तिच्याखाली डबकं साचलंय. म्हणून चाचांना एक सांधा उघडायला सांगितला. सांधे सगळे आतल्या बाजूने भरलेत. आत दिसायला छान दिसतात. पण ओल बाहेरून आत शिरते, गरम बाजूकडून थंड बाजूकडे. सांधा बाहेरून बंद हवा. तुमच्याकडे कोरडे महिने असतात, म्हणून ही खोली अजून उभी आहे. माझ्याकडे फोमचा स्पंज झाला असता आणि माझी सगळी मासळी गेली असती.” त्यांनी फोम पिळला. धार लागली. “या खोलीचं ड्रॉइंग कोणी केलं होतं?”

 त्या खोलीच्या वेळी चाचांनी मला सांगितलं होतं, मॅडम, बाहेरून भरूया. मी म्हटलं होतं, ड्रॉइंगप्रमाणे करा.

चाचांनी जमलेल्या मंडळींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. “ज्यांचा निरोप चाललाय ना साहेब,” ते म्हणाले, “त्यांनी.”

हसनसाहेबांनी फलक पाहिला. मला पाहिलं, गळ्यातल्या हारासकट. हार कधी घातला कोणास ठाऊक! मग अबू नासिरांकडे वळले.

“या बाई चालल्या आहेत?”

“हो,” अबू नासिर म्हणाले.

“कायमच्या?”

“कायमच्या.”

“आणि तंबूतल्या खोलीचे सांधे कोणी भरले?”

“दाऊदने.”

हसनसाहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. इतकं मोकळं हसू मी क्वचित पाहिलंय. फोमचा तुकडा त्यांनी बाजूला ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, “मग माझी काही अडचण नाही. करार कुठे आहे? सही करतो.”

आणि केली हो! माझ्या निरोपाच्या टेबलावर, बिर्याणीच्या ताटांमधे जागा करून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, करणार काय?

हसनसाहेब हॉटेलवर गेल्यावर मी सगळं सांगितलं. मेल, बेट, टोप, मीठ. कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. भाभी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. लतासिस्टर तेवढी गंभीर होती. “म्हणजे वॉशिंग मशीन नाही?” ती म्हणाली.

मी अबू नासिरांकडे वळले. मी म्हटलं, “सर, मंदूब...”

“तुझा इक़ामा रद्द करायचा अर्ज त्याच्याकडे आहे,” ते म्हणाले. “आज दुपारी नेऊन देणार होता.”

इक़ामा म्हणजे इथे राहायचा परवाना! त्यांनी फोन लावला. मंदूब त्या दिवशी दाढदुखीने घरी बसला होता. अर्ज तसाच त्याच्या गाडीत पडून होता. एका माणसाच्या दाढेवर माझी चौदा वर्षं आणि लेकीची शाळा तरली!

रविवारी मालकांनी तो अर्ज माझ्यासमोर फाडला. मग म्हणाले, “नोकरीवर राहा. पण हसनसाहेबांसाठी तू गेलीस. सही त्यांनी त्या भरवशावर केलीय. सांधे दाऊद बघेल. मेल तू लिही, पण तुझं नाव दिसता कामा नये.”

तेव्हापासून बेटावर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली मी ‘डिझाइन विभाग’ एवढंच लिहायचे; कोण लिहितं असं हसनसाहेबांनी विचारलं, तेव्हा मालकांनी ‘नव्या बाई आहेत’ एवढंच कळवलं. एकदा भाजले होते, त्यामुळे एकेक ओळ दाऊदचाचांना विचारून. ज्याचं उत्तर त्यांनाही ठाऊक नसेल तिथे सरळ लिहायचं, ‘माहीत नाही, शोधून कळवते.’

चार महिन्यांनी कोल्ड रूम उभी राहिली आणि हसनसाहेबांची मेल आली. मालकांनी ती छापून सूचनाफलकावर लावली. मी ती काढून घरी नेली आणि सुहासला वाचून दाखवली.

‘खोली उत्तम चालली आहे. आपल्या नव्या इंजिनियर बाईंचे विशेष आभार. ज्याची खात्री नसेल ते त्या स्पष्ट कळवतात आणि अनुभवी माणसाचं ऐकतात. आधीच्या मॅडमच्या तुलनेत आपल्या कंपनीचं नशीब फळफळलं म्हणायचं.’

मी रागाने कागद टेबलावर आपटला. सुहासने तो उचलून शांतपणे पुन्हा एकदा वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाला,

“बाई चांगल्या वाटतायत गं. एकदा घरी बोलाव ना त्यांना, मलाही भेटायचंय.”